कच्च्याची शिवाशिव

"मटण करता का घरात?"

शिरूरमध्ये आम्ही भाड्यानं खोली शोधत होतो तेव्हा हा प्रश्न इतक्या घरमालकांनी विचारला होता की माझ्या नवऱ्यानं उत्तर पाठच करून टाकलं होतं. आमचं नाव ऐकलं की घरमालकाचा चेहरा आधी एकदम गोड व्हायचा, आणि मग "खोली तशी आहे, पण भावाला विचारावं लागेल" असं काहीतरी सुरू व्हायचं. तो भाऊ आम्हाला कधीच भेटला नाही. माझं माहेर दौंडचं, अब्बा रेल्वेत फिटर. नवऱ्याला रांजणगावच्या एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागलेली. लग्न नवं, संसार दोन ट्रंकांचा. त्यामुळे या घरमालकांनी तोच प्रश्न विचारल्यावर नवऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाही सर. आम्ही आपले भाजीपाल्यावाले."

घरमालकांचा चेहरा पडला.

"अजिबात नाही?"

"अंडंसुद्धा नाही."

मी ओढणीत हसू दाबलं. याच माणसानं सकाळी एसटी स्टँडवर दोन प्लेट खिमा-पाव चापला होता.

"बरं, शिवाशिव पाळता?" घरमालकांनी पुढचा प्रश्न टाकला.

आता मात्र नवरा चपापला. "नाही नाही सर! असलं काही आम्ही मानत नाही. अजिबात नाही!"

"मग नाही जमायचं," ते उठून उभे राहिले. "मटण खात नाही, शिवाशिव पाळत नाही. असल्या भाडेकरूला घेऊन मी काय करू?"

भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, तिला ताजा हार, आणि तिच्याखाली उभा राहून हा माणूस शिवाशिव पाळत नाही म्हणून आम्हाला घर नाकारत होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं, म्हणजे पुढे ज्यांना मी काकू म्हणायला लागले त्यांनी, चहा आणला आणि आमची सुटका केली.

"घाबरू नगा. कच्च्या मटणाची शिवाशिव म्हंत्यात ते. मटणाला लावल्याला हात काकडीला लावायचा न्हाई, एवढंच हाय ते."

मग मीच पुढे झाले. म्हटलं, "सर, आम्ही मटण खातो. रोज मिळालं तर रोज खाऊ. हे खोटं बोलले."

सरांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सर शिरूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. उंचीनं बेताचे, अंगानं सडसडीत, नखं इतकी बारीक कापलेली की बोटांना नखं आहेत की नाही अशी शंका यावी. पोरांनी त्यांना 'सोवळे सर' असं नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. जन्म वडगाव रासाईचा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्या माणसाला आख्खं कॉलेज सोवळे म्हणतं याची त्यांना भारी मजा वाटायची. वर्गात ते अगदी शुद्ध बोलत. पण जंतूंवर गाडी घसरली आणि रंगात आले की भीमेकाठचं वडगाव रासाई तोंडातून बाहेर पडायचं.

"शिवाशिव हा शब्द आपण चुकीच्या जागी वापरला," ते पोरांना सांगत. "माणसावर वापरला. वापरायचा होता मटणावर!" पोरं हसायची आणि सगळ्यात मोठ्यानं सर हसायचे. मला त्या वेळी तो नुसता विनोद वाटायचा. पण घरात राहायला लागल्यावर कळलं की सरांनी त्या शब्दाला पकडून आणून आपल्या मोरीत भांडी घासायला बसवलं होतं. कच्च्याचा हात शिजलेल्याला लागला की शिवाशिव. मटणाचं फडकं ताटाला लागलं की शिवाशिव. दिवसातून दहा वेळा काकूंच्या नावानं हाक यायची, "अगं, शिवाशिव झाली!" आणि काकू शांतपणे म्हणायच्या, "झाली तर झाली, धुती."

सरांच्या घरात प्रत्येक वस्तूचे दोन जोड होते. दोन विळ्या, दोन सुऱ्या, दोन फडकी, दोन बादल्या. कच्च्या मटणाला जे जे लागायचं त्याला सरांनी लाल ऑइलपेंट फासला होता, भाजीपाल्याच्या वस्तूंना हिरवा. लाल म्हणजे धोका, सिग्नलसारखं. मटणाची विळी वेगळी ठेवायची रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत असते, पण ती देवाधर्मापायी. सर म्हणायचे, "देवाला काय होत न्हाई. काकडीला होतं."

शेजारपाजारच्या बायकांनी मात्र या लाल वस्तूंचा वेगळाच अर्थ लावला. परसात खिळ्याला लटकणारी लालभडक विळी, शेजारी लाल फडकं, खाली लाल बादली. प्रोफेसर गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देतो आणि घरात करणी करतो, असं आळीत पक्कं झालं होतं. एकदा एक म्हातारी हळूच सरांकडे आली आणि म्हणाली, "सूनंला दिस जाईनात बाबा. तुज्याकडचं काय लाल-बिल आसंल तर दे." सरांनी तिला साबणाची वडी दिली आणि सांगितलं की सुनेला म्हणावं, स्वयंपाकाच्या आधी हात धुवायचे, याच्या पलीकडं माझ्याकडं काही नाही. वर्षाच्या आत सुनेचा पाळणा हलला. म्हातारी पेढे घेऊन आली. सरांनी तिला परोपरीनं समजावलं की यात साबणाचा काडीचाही संबंध नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना दुसऱ्या सुनेसाठी एक वडी मागून नेली.

आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात सरांनी माझ्या विळीवरून ओला कापूस फिरवून नेला. दोन दिवसांनी कॉलेजातून आले ते हातात झाकण लावलेली काचेची बशी घेऊन. बशीत खिरीसारखं काहीतरी गोठलेलं आणि त्यावर पिवळे-पांढरे ठिपके दाट उगवलेले.

"ही तुमची विळी," सर म्हणाले. "पीक चांगलं आलंय."

नवरा त्या दिवशी जेवला नाही. मी जेवले, पण दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन दुसरी विळी आणली आणि सरांनी तिला स्वतःच्या हातानं लाल रंग दिला.

काकूंचं आणि सरांचं खरं भांडण एकच होतं, आणि ते दर रविवारी नव्यानं व्हायचं. चिकन धुवायचं की नाही? सरांचं म्हणणं, चिकन नळाखाली धुवायचं नाही, सरळ शिजवायचं. काकूंना हे ऐकवत नसे.

"धुतल्याबिगर चिकन? लोक तोंडात शेण घालतील."

"आगं, पाण्यानं जंतू मरत न्हाईत, पवायला लागत्यात! शिंतोड्यावर बसून साऱ्या वट्यावर हिंडत्यात. चुलीवर घातल्यावर मरणारच हायती की. मरायच्या आधी आंघोळ कशाला घालतीस?"

सर पेपर आणायला बाहेर पडले की काकू परसात जाऊन चिकन दोन पाण्यांतून धुऊन काढत. परत आल्यावर ओली बादली बघून सरांना सगळं कळायचं. ते कपाळाला हात लावून बसत. मग मटणमसाल्याचा वास सुटला की आपोआप स्वयंपाकघरात येऊन पाट मांडत.

असा माणूस खाण्याच्या बाबतीत घाबरट असेल असं कुणालाही वाटेल. तर तसं बिलकूल नव्हतं. एसटी स्टँडबाहेरच्या गाड्यावर माश्या घोंघावत असायच्या, आणि सर तिथं उभं राहून कढईतून निघालेली भजी हाश्शहुश्श करत खायचे. "उकळत्या तेलातून जो आला तो आपला पाहुणा," असं त्यांचं म्हणणं. भजीवाल्यानं चटणी पुढे केली की मात्र हात मागं. "चटणी काय उकळून आलीय का?" एकदा मी विचारलं, सर, मटण चांगलं आहे हे वासावरून कळतंच की. तर म्हणाले, "वासावर जाऊ नको, पोरी. जे जंतू वास मारतात ते प्रामाणिक. सांगून येतात. खरे चोर बिनवासाचे."

बकरी ईदला मी सर-काकू दोघांनाही दौंडला माहेरी घेऊन गेले. अब्बांना कोण आनंद! कॉलेजातले प्रोफेसर घरी येणार म्हणून त्यांनी रेल्वेच्या निम्म्या क्वार्टरांना सांगून ठेवलं होतं. जेवणं झाली, आणि पाणी घ्यायला सरांनी आमचा फ्रीज उघडला. ईदचा दिवस, फ्रीज गच्च भरलेला. वरच्या फळीवर कुर्बानीचं कच्चं मटण, खालच्या फळीवर शेवयांची खीर. मी डोळे मिटून घेतले. सरांनी अब्बांना हाक मारली, बाह्या सरसावल्या आणि दोघांनी मिळून आख्खा फ्रीज रिकामा करून पुन्हा भरला. मटणाच्या लहान लहान पिशव्या करून काही बर्फाच्या कप्प्यात, उरलेल्या तळाला. खीर वर.

"कच्च्यानं शिजल्याच्या डोक्यावर बसायचं न्हाई," सर म्हणाले. "खाली गळतं."

अब्बा हसून म्हणाले, "सर, इस में भी जात-पात निकाली क्या?"

"याच दोन जाती खऱ्या, चाचा. कच्चं आन् शिजल्यालं. बाकी सगळ्या खोट्या."

अब्बांना हे वाक्य इतकं आवडलं की ते पुढे कितीतरी दिवस जो भेटेल त्याला ऐकवायचे, आणि स्वतःचंच म्हणून ऐकवायचे.

सरांना एकुलती एक मुलगी, सुजाता. ती माझ्याहून थोडीच लहान, त्यामुळे आमचं मैत्रिणींसारखं. तिचं लग्न पाटसच्या मुलाशी ठरलं. मुलगा शिक्षक, सासरे साखर कारखान्यात. लग्न पाटसला, मुलाकडच्यांनीच करून दिलं. सगळं छान पार पडलं असतं, पण पंगत बसायच्या आधी सर मांडवामागे गेले आणि त्यांनी आचाऱ्याला हात पुढे करायला लावून त्याची नखं तपासली. वीस-पंचवीस वऱ्हाडी बघत होते. त्यांत विहीणबाईही होत्या, म्हणजे सुजाताच्या सासूबाई. बाई कष्टाळू, रोखठोक आणि मानी. दुसऱ्या दिवशी त्या सुजाताला म्हणाल्या, "तुजा बाप आमाला घान समजतो व्हय गं?" आणि तेव्हापासून नव्या सुनेशी कामापुरतंच बोलू लागल्या.

हे मला सुजातानंच सांगितलं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा. आमच्या भागात त्यानंतर लेकीला न्यायला सासरची माणसं येतात आणि त्यांना मटणाचं जेवण घालायचं असतं, त्याला पाचपरतावन म्हणतात. सरांना ही रीत जुनाट वाटायची, पण काकूंनी दटावलं होतं, "नाव काय बी ठिवा, जेवान झालं पायजे." पाहुणे येणार त्या दिवशी सकाळी सुजातानं वडिलांना कोपऱ्यात घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

"पप्पा, आजच्या दिवस जंतूंना सुट्टी द्या. काही बघू नका, काही बोलू नका. मला त्या घरात आयुष्य काढायचंय."

सरांनी मान डोलावली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही बोलणार." मी तिथंच कांदा चिरत होते. मला दोघांचीही कीव आली, पण जास्त सरांची.

आणि खरंच त्यांनी तोंड मिटून घेतलं. टेंपो भरून पंचवीस माणसं आली, लहान पोरं, म्हातारी माणसं, सुजाताची एक पोटुशी नणंद. एका पोराचं नाक गळत होतं आणि ते पापडाच्या टोपल्यात हात घालत होतं. सरांनी ते बघितलं आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. पुरुषमंडळी पुढच्या पडवीत, बायका मागं परसात. परसात तीन दगडांच्या चुलीवर मटणाचं मोठं पातेलं रटरटत होतं. सर मधूनमधून तिथं यायचे, पातेल्याला उकळी आहे ना एवढं बघायचे आणि गुपचूप परत जायचे.

विहीणबाई खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. कामाची बाई, रिकामं बसणं तिला मानवेना. शेवटी त्या उठल्या. "नुस्तं बसून किती ऱ्हायाचं? द्या काय तरी हाताला. माज्या हातची कोशिंबीर आसल्याबिगर आमच्यात जेवान हुत न्हाई."

सुजाताचा चेहरा असा उजळला! सासू आपणहून तिच्या माहेरच्या स्वयंपाकाला हात लावत होती. तिनं धावत काकड्या, कांदे, दही, दाण्याचं कूट सगळं आणून दिलं आणि कोथिंबीर निवडायला आत गेली. काकू आत भाकरी थापत होत्या. मी शेजारी ताटं मागायला गेले.

परत आले तर विहीणबाईंची परातभर कोशिंबीर तयार होती. काकडी बारीक, एकसारखी चिरलेली, वर दही, कूट. बघून तोंडाला पाणी सुटावं. आणि त्यांच्या पुढ्यात लाल विळी.

सकाळी काकूंनी तिच्यावर वजरी कापली होती. वजरी म्हणजे बकऱ्याची आतडी-पोट, सगळ्यात घाण भाग. कापून झाल्यावर विळीवर तांब्याभर पाणी ओतून ती खिळ्याला अडकवली होती, उकळत्या पाण्यानं धुणं अजून बाकी होतं. हिरवी विळी दाराआड पडलेली, रंग उडालेली. विहीणबाईंनी दोन्ही बघितल्या असणार. लालचुटूक रंगवलेली, उंचावर टांगलेली विळी. कुंकवाचा रंग. त्यांना वाटलं ही घरातली मानाची, आणि पाहुणीनं पहिल्यांदा हात लावायचा तर मानाच्या विळीलाच लावावा. लाल म्हणजे धोका हे आळीत फक्त आमच्या घराला माहीत होतं.

मी काही सुचून बोलायच्या आत सर आले, त्यांच्या नेहमीच्या फेरीला. त्यांनी परात बघितली. विळी बघितली. पात्याला चिकटलेली काकडीची हिरवी साल बघितली. आणि या घरात हजारदा उच्चारलेलं वाक्य त्यांच्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडलं.

"अरे, शिवाशिव झाली!"

पडवीतल्या पुरुषांनीसुद्धा ते ऐकलं. विहीणबाईंचा हात परातीत होता, तो तसाच राहिला.

"कुनाची?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "आमची व्हय, सर?"

आमच्या घरात तो शब्द विळीचा आणि फडक्याचा होता. पण त्या बाईंना त्याचा एकच अर्थ माहीत होता, आणि तो त्यांनी पुस्तकातून शिकलेला नव्हता. सरांनाही तो तसाच माहीत होता. सुजाता कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन दारात उभी होती, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

सरांनी समजावून सांगावं तर त्याचा अर्थ एकच निघणार होता, की बाई, तुम्ही केलेलं फेकून द्यावं लागेल. गप्प बसावं तर पंचवीस माणसांच्या पोटात ती वजरीची घाण जाणार, त्यात पोरं, म्हातारी, आणि ती पोटुशी नणंद.

सर पुढे झाले. त्यांनी वाकून परात दोन्ही हातांनी उचलली.

"टाकता?" विहीणबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज फाटला. "टाकता, सर?"

सर चुलीपर्यंत गेले आणि त्यांनी ती आख्खी परात उकळत्या मटणात उलटी केली. काकडी, कांदा, दही, कूट, सगळं. रस्सा फसफसून वर आला. पिठाच्या हातानं काकू बाहेर धावल्या आणि "अगं आई गं, माझं मटण!" म्हणून खालीच बसल्या. सर मोठ्या पळीनं ढवळायला लागले होते.

"शिवाशिव माज्या इळीची झाली, बाई," ते म्हणाले. शुद्ध बोलणं केव्हाच पळालं होतं. "सकाळी तिच्यावर वजरी कापली. आन् मी शहाण्यानं तिला लाल रंग दिला, धोका म्हणून. तुमी ती मानाची समजला. यात तुमची काय चूक? तुमच्या हाताला काय बी झाल्यालं न्हाई. आन् आसल्या हाताची चव येकट्या काकडीला कशापायी? साऱ्या रश्श्याला लागू द्या की."

मग पडवीच्या दारातून हसण्याचा गडगडाट ऐकू आला. सुजाताचे सासरे पोट धरून हसत होते.

"लाल व्हय! आवं, कारखान्यात वाफेचा लाल व्हॉल दिसला की आमी चार हात लांब ऱ्हातो. आन् हिनं नेमकी लालच इळी काढली!"

मग सगळेच हसले. काकूसुद्धा हसल्या, पीठ कपाळाला लावून. विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पातेल्याजवळ आल्या, आत वाकून बघितलं.

"आन् आता हे खायाचं?"

"चांगलं खदखदू द्या. मग पयलं ताट माजं."

पहिलं ताट खरंच सरांनी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत पुसून खाल्लं. खोटं कशाला बोलू, चव विचित्र होती. रस्सा आंबूस झाला होता आणि मटणाच्या फोडीबरोबर मधेच काकडी दाताखाली यायची. पण कुटानं रस्सा असा दाट झाला होता की भाकरी चुरल्यावर तो भाकरीबाहेर जाईना. पंगत बसली, वाढप सुरू झालं, पुरुषांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. विहीणबाई जेवताना एकदा स्वतःशीच मान हलवून म्हणाल्या, "मीठ बरोबर पडलंय माजं." पातेलं तळापर्यंत रिकामं झालं.

जेवणं उरकून पाहुणे पुढे सुपारी खात बसले, तेव्हा सर मागं मोरीत विळीवर उकळतं पाणी ओतत होते. मी ताटं घेऊन गेले. म्हटलं, "सर, काकड्या काय, पुन्हा आणल्या असत्या. काहीतरी सांगून बाजूला ठेवायची होती परात. काकूंचं चांगलं मटण घालवलंत."

सरांनी आणखी एक तांब्या विळीवर ओतला. मग पाठमोरेच म्हणाले, "वडगावला आई एका बागायतदाराच्या रानात जायची. मालकीण बाळंत झाली, घरात करणारं कुणी नव्हतं. आईला वाटलं, आपण माणुसकीनं भाकरी-पिठलं करून न्यावं. नेलं. मालकानं टोपली घेतली आणि तिच्या समोर बैलाच्या गव्हाणीत उपडी केली. आई रिकामी टोपली घेऊन घरी आली." त्यांनी विळी उलटी करून दुसऱ्या बाजूवर पाणी ओतलं. "जंतू उकळून मरतात, पोरी. तो अपमान नाही मरत. मला टाकता आली नसती ती परात. काय वाटेल ते झालं तरी."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. वळले तर दारात हात धुवायला आलेल्या विहीणबाई उभ्या होत्या. कधीपासून, ते माहीत नाही. त्यांनी सरांच्या हातातला तांब्या घेतला, बादलीतल्या गार पाण्यात बुडवून हातावर पाणी घेतलं आणि निघून गेल्या.

टेंपो सुटायची वेळ झाली. सुजाता सगळ्यांच्या पाया पडून रडत रडत मागच्या बाजूला चढायला निघाली, तिथं बायका आणि पोरं दाटीवाटीनं बसली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी एकच धड जागा, ती येताना विहीणबाईंची होती. त्यांनी सुनेचा दंड धरला आणि तिला पुढे ओढलं.

"हितं बस. तुजा बाप येडा हाय गं," त्या आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पर माज्या हातचं टाकलं न्हाई त्यानं."

मग त्यांनी सुजाताला त्या जागेवर बसवलं, बाहेरून दार नीट लागलंय का बघितलं, लुगड्याचा ओचा खोचला आणि स्वतः मागच्या फळीवरून बायकांत चढून बसल्या.